तबकडीवरून फाइलीत उतरलेला आवाज

संगीताच्या फायली एकमेकांना पाठवण्यात योग्य काय आणि अयोग्य काय, ही चर्चा बहुधा चोरीच्या आरोपापासून सुरू होते आणि कायद्याच्या कलमापाशी संपते. बाजारात आज विकत मिळणाऱ्या, हयात कलावंताच्या गाण्यापुरती ती तेथे संपली तरी फारसे बिघडत नाही. ज्याची किंमत मोजता येते ते गाणे किंमत न मोजता शेकडो जणांना वाटणे अयोग्यच आहे, मग त्या किमतीतून कलावंताच्या हाती पडणारा वाटा कितीही तुटपुंजा असो. हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. तेथे एका बाजूला मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या आहेत, ज्यांचे गायक आणि बहुतेक खरेदीदारही आता हयात नाहीत. दुसऱ्या बाजूला खासगी मैफिलींच्या टेप आहेत, ज्या विक्रीसाठी कधीच नव्हत्या. ही ध्वनिमुद्रणे फाइलीत उतरवून घेण्याचे काम जे हौसेने आणि चिकाटीने करतात, त्यांच्या बाबतीत नीतीचा प्रश्न फाइल पाठवण्याच्या क्षणी नव्हे, तर तबकडी फिरू लागण्याच्याही आधी उभा राहतो.

ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला, तेव्हापासून पुढची सहा दशके भारतीय संगीत प्रामुख्याने या तबकड्यांवर साठत गेले. लाख, खनिजांची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू यांच्या मिश्रणाची ही तबकडी ठिसूळ असते, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटांचे गाणे मावते. ती धुताना डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांपलीकडे काही वापरू नये, कारण लाख मद्यार्कात विरघळते. स्पिरिटचा बोळा फिरवणारा उत्साही संग्राहक एका हातासरशी खाचांचे असे नुकसान करतो की ते पुन्हा भरून येत नाही. त्यानंतर सुईची निवड येते. एलपीची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तेथला मळ वाचते. या तबकड्यांना इंचाच्या सुमारे तीन हजारांश भागाएवढ्या जाडीची सुई लागते, आणि तिच्याही कमी-अधिक जाडीच्या अनेक सुया हाताशी ठेवाव्या लागतात. जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईने खाचेची भिंत एका ठरावीक उंचीवर घासून टाकलेली असते. थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई त्या भिंतीचा न झिजलेला पट्टा गाठते, आणि खरखरीखाली दबलेला आवाज अचानक समोर येतो.

याहून नाजूक बाब वेगाची आहे. ७८ हा आकडा पुढे रूढ झाला. विजेच्या मायक्रोफोनऐवजी कर्ण्यात गाऊन केलेल्या, म्हणजे साधारण १९२५ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांत फेऱ्यांचा वेग सत्तरपासून ऐंशीच्याही पुढे कोठेही असू शकतो. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर ३ मिनिटे २० सेकंदांचे गाणे ३ मिनिटे १० सेकंदांत संपते आणि स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो. पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकमध्ये गायल्यासारखा वाटतो, आवाज पातळ होतो, तानेला मूळच्यापेक्षा अधिक वेग येतो. ही फाइल पुण्यातल्या किंवा टोरांटोतल्या विद्यार्थ्याकडे गेली, की तो त्या खोट्या वेगाची तान घोटू लागतो आणि त्या गायकाचा गळा असाच होता असे धरून चालतो. म्हणून तबकडी उतरवणाऱ्याला गायकाची प्रचलित पट्टी, साथीच्या हार्मोनियमचा सूर, गाण्याच्या शेवटी आपले नाव उच्चारणाऱ्या गायकाच्या बोलण्याची नैसर्गिकता, अशा अनेक खुणा ताडून वेग ठरवावा लागतो. एवढे करूनही शंका उरते, आणि ती उरली असेल तर फाइलीसोबत तसे लिहिणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

खरखर काढण्याच्या सोयी आता कोणाच्याही संगणकावर असल्यामुळे एक नवा मोह निर्माण झाला आहे. तबकडीची खरखर ज्या उंच ध्वनिपट्ट्यात असते, त्याच पट्ट्यात 'स' आणि 'श' यांचे उच्चार, सारंगीच्या गजाचे घर्षण आणि तबल्याच्या चाटीची धार असते. खरखर निपटून काढणारी प्रक्रिया यांनाही सोबत घेऊन जाते. मागे राहणारा आवाज स्वच्छ असतो, पण त्यातून गायकाचा श्वास गेलेला असतो, आकार कोठे संपला आणि खर्जातला शेवटचा कण कोठे विरला हे कळेनासे होते. अशी घासूनपुसून काढलेली फाइल ऐकणाऱ्याला आवडते, म्हणून तीच अधिक फिरते आणि काही वर्षांत मूळ म्हणून तीच उरते. ज्याला या कामाची चाड आहे त्याने कोणतीही प्रक्रिया न केलेली प्रत आधी जपावी, दाबून लहान केलेल्या एमपीथ्रीऐवजी पूर्ण माहिती राखणाऱ्या स्वरूपात जपावी, आणि सुधारलेली प्रत देताना काय काढले ते सांगावे. मुळात नसलेल्या गुळगुळीतपणाचे श्रेय मेलेल्या गायकाच्या पदरात घालणे हीही एक प्रकारची फसवणूक आहे.

फाइलीला दिले जाणारे नाव ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट खरे तर सर्वांत जास्त नुकसान करते. तबकडीवर दोन क्रमांक असतात: एक लेबलवर छापलेला विक्रीचा, आणि दुसरा लेबलजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला, ज्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात आणि जो त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची ओळख असतो, कारण तेच गाणे त्याच गायकाने पुन्हा गायले की हा क्रमांक बदलतो. हे क्रमांक वगळून फाइलीवर फक्त गायकाचे आणि रागाचे नाव घातले, की तिचा जन्मदाखला हरवतो. आणि रागच चुकीचा लिहिला, देसकाराच्या जागी भूप किंवा भूपाच्या जागी देसकार झाला, तर ती चूक एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत जात शेवटी प्रमाण मानली जाते. साथीदारांची अवस्था त्याहून वाईट आहे. तबकडीच्या लेबलवर सारंगियाचे किंवा तबलजीचे नाव क्वचितच छापले जाई, आणि जेथे ते अन्य मार्गाने माहीत असते तेथेही फाइल बनवणारा ते लिहायचा कंटाळा करतो. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने आणि भारतातील १८९९ ते १९०८ या काळातील ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या मायकेल किनियर यांनी जे कष्ट उपसले, ते या कंटाळ्याचे ऋण फेडण्यासाठीच जणू उपसले. त्यांच्यामुळे एखादी तबकडी केव्हाची आणि कोठली हे आज निदान शोधता येते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ते ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. कवीचा आणि संगीतकाराचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालू राहतो, त्यामुळे तबकडी खुली झाली तरी तिच्यावरचे भावगीत खुले झालेले नसू शकते. अमेरिकेत १९२३ ते १९४६ या काळातील ध्वनिमुद्रणांना प्रसिद्धीपासून १०० वर्षांचे संरक्षण आहे, म्हणजे मुंबईत निःशंकपणे वाटता येणारा आवाज न्यू जर्सीतल्या मराठी रसिकासाठी वेगळ्या नियमाखाली येऊ शकतो. मुदत संपलेल्या तबकडीबाबत नैतिक अडसर उरत नाही. ती तबकडी अनोळखी माणसांनी विकत घेऊन ऐकावी यासाठीच गायक कर्ण्यासमोर उभा राहिला होता, आणि तिचा आवाज पुन्हा अनोळखी कानांपर्यंत पोचवणे म्हणजे त्याचा मूळ हेतू पुरा करणे होय. अशी तबकडी कपाटात कुलूपबंद ठेवून तिच्या दुर्मीळपणावर मोठेपणा मिळवणारा संग्राहक कोणताही कायदा मोडत नाही, तरी संगीताचे नुकसान तोच करतो, कारण लाखेची तबकडी हातातून एकदा निसटली की तिचे तुकडे होतात आणि तिच्यासोबत कदाचित त्या ध्वनिमुद्रणाची एकमेव शिल्लक प्रतही जाते.

राखून ठेवावे की वाटावे, हा वाद इंटरनेटबरोबर जन्मलेला नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या, तेव्हा पिढ्यानपिढ्या राखलेली चीज कोणालाही वाचता येऊ लागली. चीज ही घराण्याची मिळकत आहे आणि ती लायक शिष्यालाच द्यायची, या समजुतीमागे स्वार्थ होता तसाच विवेकही होता. अर्धवट तालमीच्या गळ्यात पडून बंदिशीचे रूप बिघडते ही भीती खोटी नव्हती. तरीही छापल्या न गेलेल्या किती चिजा त्या त्या उस्तादाबरोबर गेल्या याची मोजदादही आता होऊ शकत नाही, आणि त्यामुळे भातखंड्यांच्या बाजूने कौल द्यावाच लागतो.

खासगी मैफिलींच्या टेपांना मात्र हा कौल जसाच्या तसा लावता येत नाही. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) आणि भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे गाणे ध्वनिमुद्रित स्वरूपात उरलेले नाही, ही खंत महाराष्ट्रातल्या रसिकांच्या मनात इतकी खोलवर रुजली आहे की पुढे स्पूलचे टेपरेकॉर्डर घरोघर आल्यावर प्रत्येक बैठक टेप करून ठेवणे हे त्यांना पुण्यकर्मच वाटू लागले. त्या ओढीमुळे कितीतरी थोर गाणी वाचली हे निर्विवाद आहे. पण दिवाणखान्यात बसलेल्या तीस-चाळीस ओळखीच्या माणसांसमोर गाणारा गायक काही वेगळ्या अटींवर गात असतो: तो नवा राग चाचपून बघतो, बसलेल्या आवाजावर मात करायला अर्धा तास घेतो, एखादी जागा फसली तर हसून पुन्हा घेतो, मध्येच एखाद्या समकालीन गायकाविषयी मोकळेपणाने बोलतो. ही मोकळीक खोलीतल्या माणसांवरच्या विश्वासातून आलेली असते. जगभरच्या अनोळखी श्रोत्यांनी वीस-तीस वर्षांनी हे सर्व ऐकावे, अशी संमती त्याने दिलेली नसते, आणि संमती न विचारणाऱ्याला ती गृहीत धरण्याचा अधिकार नाही. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आपल्या ध्वनिमुद्रणाबाबत किती काटेकोर होत्या हे सर्वश्रुत आहे; त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला गेली, पण ती त्यांनी स्वतः प्रसिद्धीसाठी गायलेली होती. अशा कलावंताच्या नकळत घेतलेल्या टेपला तिच्या प्रसिद्ध तबकडीच्या रांगेत बसवणे हा तिच्या निवडीचा अनादर आहे. १९९४ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात प्रत्यक्ष सादरीकरणावर कलावंताचा हक्क मान्य झाला, आज त्याची मुदत ५० वर्षांची आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणासोबत आपले नाव राहावे व त्याची विकृत मोडतोड होऊ नये अशी मागणी करण्याचा हक्कही कलावंताला मिळाला. परंतु रसिकांनी संमती विचारण्याचा संकेत कायद्याची वाट न पाहता पाळायला हवा होता.

प्रत्यक्षात काम करताना वाट अशी निघते की टेप उतरवल्यावर पहिली संपूर्ण प्रत गायकाला, तो नसेल तर त्याच्या वारसांना किंवा शिष्यांना द्यावी, आणि काय वाटायचे ते त्यांना ठरवू द्यावे. अनेकदा त्या घरात ती टेप नसतेच, आणि वडिलांचा किंवा गुरूचा न ऐकलेला आवाज हाती आल्यावर बहुतेक जण तो इतरांना ऐकू देण्यास आनंदाने तयार होतात. काही जण मधले बोलणे वगळायला सांगतात, आणि ते वगळावे. नकार आला, तर टेप नष्ट न करता संग्रहालयात द्यावी. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या आणि सध्या गुरुग्राम येथे असलेल्या 'आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी'सारख्या संस्थेत ध्वनिमुद्रण ठेवताना ते कोणाला, कोणत्या अटीवर ऐकता यावे हे देणाऱ्याला नमूद करता येते, आणि अभ्यासक तेथे जाऊन ऐकू शकतो. वारस सापडतच नाहीत ही सर्वांत अवघड स्थिती. तेव्हा निदान ती मैफल होऊन ५० वर्षे उलटेपर्यंत टेप इंटरनेटवर ठेवू नये, कारण एकदा बाहेर गेलेली फाइल कोणालाही परत बोलावता येत नाही. मात्र त्या गायकीची तालीम घेणाऱ्याने मागितली तर द्यावी, आणि देताना ती मैफल कोणाच्या घरी, कोणत्या साली झाली, साथीला कोण होते, टेप कोणी केली आणि विचारून केली की न विचारता, हे सर्व त्या प्रतीसोबत लिहून द्यावे.