उम्म अद-दामीच्या पायथ्याशी

जॉर्डनच्या दक्षिणेस, सौदी अरेबियाच्या सीमेलगत, उम्म अद-दामी नावाचा डोंगर आहे. उंची १,८५४ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा तो सुमारे दोनशे मीटरांनी उंच, आणि त्या देशातील सर्वांत उंच शिखर. मार्च २०२५ मध्ये पुणे-नाशिककडील आम्ही नऊ जण स्थानिक वाटाड्याच्या सोबतीने तेथे चढून आलो. त्या दिवशी डोंगर पाहिला, त्याहून अधिक स्वतःला पाहिले. म्हणून हे लिहीत आहे.

या डोंगराची वाट वादी रम नावाच्या वाळवंटातून जाते. तांबूस वाळूच्या सपाटीवर वालुकाश्माचे प्रचंड कडे सरळ उभे आहेत. युनेस्कोने २०११ मध्ये या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो केवळ निसर्गासाठी नव्हे. येथील खडकांवर सुमारे पंचवीस हजार चित्रे आणि वीस हजार लेख कोरलेले आहेत. उंट, रानबकरे, शिकारी आणि माणसांची नावे. या वाळवंटातून उंटांचे तांडे माल घेऊन जात, कड्याच्या सावलीत, पाण्याजवळ थांबत. आपण व्यापारी समाजातले. एका अरुंद घळीतील ते लेख पाहताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारवाटेवर उभे असल्यासारखे वाटले.

आमचा वाटाड्या रम गावचा बदू तरुण. तो मला ‘अम्मो’, म्हणजे काका, म्हणू लागला. रमझानचा महिना होता आणि त्याचा रोजा होता. डोंगराच्या पायथ्याशी त्याने वाळलेल्या काटक्या पेटवून आमच्यासाठी चहा केला. स्वतः चाखता येत नसल्याने पहिला पेला माझ्या हाती देऊन त्याने विचारले, “साखर बेताची झाली का?” प्रवाशाला रोज्यातून सवलत असते, हे मी ऐकून होतो, तसे म्हणताच तो हसला. म्हणाला, “प्रवासी तुम्ही. मी तर घरीच आहे.”

माझाही एक नियम आहे. आई गेली त्या वर्षापासून, म्हणजे बावीस वर्षे, मी चौविहार पाळतो. बँकेच्या नोकरीत, मार्च अखेरच्या धावपळीतही तो मोडला नाही. सूर्यास्त किती वाजता, असे मी सकाळपासून दोनदा विचारल्याने वाटाड्याला कुतूहल वाटले. चढताना मी त्याला समजावले की सूर्य मावळल्यावर आम्ही अन्न घेत नाही, पाणीसुद्धा नाही. तो क्षणभर थांबला. “म्हणजे तुमचे दार मिटते तेव्हा आमचे उघडते,” एवढेच म्हणाला. सूर्यास्त साडेसहानंतर थोड्याच वेळात होता.

जीप बरीच वर जाते, म्हणून चढ दोन तासांचाच. पण सुट्या दगडांचा. वाट अशी नाहीच. ठिकठिकाणी रचलेल्या दगडांच्या लहान राशी पाहत जायचे. गुडघे कुरकुरू लागले की वाटाड्या मागे वळून ‘श्वै, श्वै’, म्हणजे हळूहळू, असे म्हणे. पुढची चार हात जमीन निरखून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण लहानपणापासून कानावर होती. तिचा सराव असा प्रथमच झाला.

माथ्यावर जॉर्डनचा ध्वज फडकत होता. दक्षिणेला सौदी अरेबियाच्या डोंगररांगा एकामागे एक फिकट होत गेलेल्या, आणि पश्चिमेला दूर अकाबाच्या आखाताची एक चकाकती रेघ. आम्ही खाखरे, सुकी चटणी काढली, पाणी प्यायलो. वाटाड्या थोडा दूर, आमच्याकडे पाठ करून बसला. आम्हाला संकोच वाटू नये म्हणून असेल.

उतरताना प्रसंग आला. आमच्यातील एका कापड व्यापाऱ्याचा पाय दगडावरून घसरला आणि घोटा मुरगळला. हाड मोडले नव्हते, पण पाय टेकवेना. वाटाड्याने आपल्या डोक्याचे कापड सोडून घोटा घट्ट बांधला, त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि एकेक पाऊल उतरवू लागला. दीड तासाच्या उतरणीला चार तास लागले.

त्या चार तासांत माझ्या मनात काय चालले होते, ते सांगायला लाज वाटते. मी घड्याळ पाहत होतो. बावीस वर्षांत न मोडलेला नियम एका माणसाच्या बेसावध पावलामुळे मोडणार, किंवा रात्र उपाशीतापाशी काढावी लागणार, याचा राग धुमसत होता. ‘झेपत नाही तर यायचे कशाला?’ हे शब्द ओठांपर्यंत आले. ते बाहेर पडले नाहीत, पण मनात बोलून झालेच होते. आणि माझ्यापुढे दहा पावलांवर एक तरुण, पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेला, दुसऱ्याचा भार खांद्यावर घेऊन ‘श्वै, श्वै’ म्हणत उतरत होता. रोजा सोडण्यासाठी त्याचीही घरची माणसे वाट पाहत असणार. त्याने घड्याळाकडे पाहिले नाही.

जीपपाशी पोहोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. तळ दीड तासावर. आता थांबा म्हणण्याचे धाडस मला होईना; थांबलो तर त्याला घर गाठायला आणखी उशीर. मी गप्प बसलो. सव्वासहाच्या सुमारास त्यानेच एका कड्याच्या आडोशाला जीप उभी केली, वाळूवर चटई अंथरली आणि म्हणाला, “अम्मो, सूर्य अजून आहे. आधी तुमचे.”

डब्यातील दशम्या आम्ही खाल्ल्या, पाणी प्यायलो, हात जोडून पच्चक्खाण घेतले. मग सगळेच शांत बसून राहिलो. कड्यांचा तांबडा रंग विझत गेला. सूर्य गेला, तेव्हा त्याने खिशातून खजूर काढला, ओठांनी काही पुटपुटला आणि खाल्ला. सवयीने आमच्यापुढेही हात केला, आणि लगेच आठवून हसत मागे घेतला.

बँकेत कधी कधी आकडे जुळत, पण व्यवहार खोटा निघे. त्या दिवशी माझा नियम पाळला गेला होता. ज्यासाठी नियम, तो संयम मात्र उतरणीवरच सुटला होता. रात्री तंबूत प्रतिक्रमण झाल्यावर मी त्या व्यापारी मित्रांकडे गेलो आणि मिच्छामि दुक्कडम् म्हटले. सुजलेला पाय उशीवर ठेवून ते पडले होते. चकित होऊन म्हणाले, “अहो, कशाबद्दल? तुम्ही तर मला काहीच बोलला नाहीत.”

मी त्यांना सगळे सांगितले.