वाळीत टाकलेले घर

'घटस्फोट' हा शब्द आज आपण नवराबायकोच्या काडीमोडीस लावतो. परंतु त्याचा मूळ अर्थ निराळा आहे, आणि तो एकदा कळल्यावर हा शब्द सहज तोंडातून निघत नाही. पतित ठरलेल्या माणसाच्या बाबतीत त्याच्या आप्तांनी काय करावे, हे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे. माणूस जिवंत असतो. तथापि त्याच्या सपिंडांनी अशुभ दिवशी, सायंकाळी, गावाबाहेर, ज्ञाती, ऋत्विज व गुरू यांच्या समक्ष त्याच्या नावाने उदकक्रिया करावयाची. दासीने पाण्याने भरलेली घागर पायाने उलथून द्यावयाची, आणि आप्तांनी एक अहोरात्र सुतक धरावयाचे. तेथून पुढे त्याच्याशी बोलणे नाही, एकत्र बसणे नाही, वडिलार्जित मिळकतीत त्याला वाटा नाही. आश्चर्य असे की, उलट विधीही तेथेच सांगितलेला आहे. प्रायश्चित्त झाल्यावर त्याच आप्तांनी त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करावे व नवी भरलेली घागर त्या पाण्यात सोडावी. दार लावण्याचा विधी होता तसा ते उघडण्याचाही होता. आमच्या समाजाने पहिला विधी मात्र चांगला लक्षात ठेवला!

ह्या विधीत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. शिक्षा कोण फर्मावतो हे थोडेसे बाजूस ठेवू. ती अमलात कोण आणतो? राजा नव्हे, कोतवाल नव्हे. ज्यांच्या मांडीवर तो माणूस वाढला, ज्यांच्या ताटात जेवला, त्यांच्याच हातून ती अमलात यावयाची. ही युक्ती काही आमच्याच देशाची नव्हे. आम्सटरडॅमच्या यहुदी मंडळींनी 1656 साली स्पिनोझा ह्या तेवीस वर्षांच्या तरुणास बहिष्कृत केले, तेव्हाही हुकूम असाच होता, की कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याच्याबरोबर एका छपराखाली राहू नये, त्याच्या चार हातांच्या आत येऊ नये. धर्म निराळे, देश निराळे. परंतु हत्यार एकच. आपल्या माणसाची ओढ हेच ते हत्यार होय. जेथे माया नाही, तेथे बहिष्काराला धार नाही.

ह्या विषयाचा विचार करू लागलो, की आमचे मन आपोआप नेवाशाकडे वळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेच्या काठचे हे गाव. करवीरेश्वराच्या देवळातील ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला व सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला असे परंपरा मानते, तो खांब तेथे आजही आहे. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. यात्रेकरू येतात, खांबाला हात लावतात, डोके टेकतात आणि जातात. आम्हीही तसे केले आहे. परंतु त्या खांबाशी बसलेला तो तरुण कोणत्या घरातून आला होता, हा विचार गर्दीत सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो वाळीत टाकलेल्या घरातून आला होता.

नामदेवांच्या नावे असलेल्या अभंगांतून व नंतरच्या चरित्रकारांकडून आलेली ती कथा सर्वांस ठाऊक आहे. आपेगावचे विठ्ठलपंत आळंदीच्या मुलीशी, रुक्मिणीशी, लग्न करून पुढे काशीस गेले व तेथे त्यांनी संन्यास घेतला. मागे बायको आहे हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना परत धाडले. ते घरी आले, संसारास लागले, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता ही चार मुले झाली. संन्यास सोडून जो आला त्याला आश्रम उरला नाही, आणि त्याच्या घराला जात उरली नाही. विठ्ठलपंतांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा देहान्ताखेरीज दुसरे नाही असे उत्तर मिळाले. नवराबायकोने प्रयागास जाऊन देह ठेवला, असे परंपरा सांगते. आता तरी मुलांचा मार्ग मोकळा व्हावा की नाही? तोही झाला नाही. मुलांच्या मुंजी अडल्या, ती शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली, आणि लोकांच्या तोंडी त्यांचे नाव 'संन्याशाची पोरे' असेच राहिले. आश्रम मोडला असेल तर बापाने. तो मोडला गेला तेव्हा ही मुले जन्मलीही नव्हती.

मांड्यांची कथा तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. मुक्ताबाईला मांडे करावयाचे होते. त्यासाठी खापर पाहिजे म्हणून ती कुंभारवाड्यात गेली. विसोबाने कुंभारांस बजावून ठेवले की, हिला भांडे देऊ नका. पोर रिकाम्या हाताने परतली. मग ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि त्यांच्या पाठीवर मांडे भाजले गेले. आपण कथेतील चमत्कार लक्षात ठेवतो, आणि चमत्काराच्या आधीचे खापर विसरतो. वास्तविक वाळीत म्हणजे काय, हे त्या खापराइतके दुसऱ्या कशानेही उमगत नाही. बहिष्काराचा ठराव सभेत होतो, शास्त्रार्थ मोठमोठ्या शब्दांत होतो. पण तो घराला जाऊन भिडतो तो कुंभाराच्या 'नाही'तून, न्हाव्याच्या न येण्यातून, विहिरीवर थांबलेल्या बोलण्यातून, आणि अखेरीस लग्नाच्या वयाला आलेल्या मुलीच्या घरी कोणी पाऊल न टाकण्यातून. पुरुषाने अपराध करावा आणि खापर मागायला मुलीने जावे, असाच हा न्याय आहे. कुंभाराला त्या मुलीचा राग थोडाच होता? त्याला पुढल्या हंगामात मडकी विकावयाची होती.

ही सारी कहाणी परंपरेची आहे, हे आम्ही विसरलो नाही. परंतु नेवाशात जो ग्रंथ झाला तो आपल्या हाती आहे, आणि त्या नऊ हजार ओव्यांत कर्त्याने आपल्या घरावरील बहिष्काराचे गाऱ्हाणे कोठेही मांडलेले नाही. ग्रंथ पुरा झाल्यावर जे मागणे मागितले, त्यातही दुर्जनांचा नाश मागितला नाही. त्यांचा वाकडेपणा तेवढा मागितला की जावा, आणि प्राणिमात्रांत मैत्री व्हावी. ज्याच्या घराशी मैत्री करण्यास गावाला बंदी होती, त्याने हे मागितले! हे मागणे किती महाग आहे, हे पाठांतराच्या स्पर्धेत आमच्या मुलांना कोणी सांगतो काय?

ज्यांना एका अपराधापायी नव्हे, तर जन्मापासूनच गावाबाहेर ठेवले होते, अशा आपल्या लक्षावधी बांधवांपुढे एका ब्राह्मण घराचे हे दुःख लहानच म्हटले पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी 1927 साली जे पाक्षिक काढले, त्याचे नावच 'बहिष्कृत भारत' असे होते. आणि त्या पत्राच्या शिरोभागी त्यांनी ओव्या घातल्या त्या ज्ञानेश्वरीतल्या. ही निवड आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

गेल्या दीडशे वर्षांत सुशिक्षितांच्या घरांतही हे हत्यार पुष्कळ चालले. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य माजले, त्यात न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषाने अखेर प्रायश्चित्त घेतले. ते स्वतःच्या पापक्षालनासाठी नव्हे, तर मित्रांच्या घरची अडचण दूर व्हावी म्हणून. ज्याला विचाराने नमवता येत नव्हते, त्याला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून नमवले गेले. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली एका विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले. आणि ते घरी उतरल्यास घरच्यांनाही तीच शिक्षा, असा धाक घातला. म्हणजे मुलाने आईला भेटावे, तर आईवर संकट आणल्याचे पाप त्याच्या माथी!

ह्याच जिल्ह्याच्या इतिहासात नारायण वामन टिळकांचे घर आहे. टिळकांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी दूर, आपल्या माणसांत होत्या. पुढची काही वर्षे त्या मुलासह त्यांच्याच आश्रयाने राहिल्या. नवरा जिवंत, पत्रे येत आहेत, आणि तरीही त्याच्याकडे जावे तर माहेर, सासर, जात, सारे तुटते. पुढे त्या नगरास आल्या, त्याही आरंभी आपले सोवळे सांभाळूनच. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 1934 पासून प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण त्यांच्या विनोदाने पोट धरून हसतो; मात्र त्या हसण्याच्या तळाशी ही वर्षे आहेत, हे विसरता कामा नये. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क बुडू नये असा कायदा सरकारने 1850 सालीच केला होता. त्यामुळे मिळकत वाचली असेल. पण पंक्तीतला पाट कोणत्या कायद्याने परत मिळणार?

येथे आमच्या घरातील एक आठवण सांगणे प्राप्त आहे. आमच्या आजीचे थोरले बंधू तरुणपणीच ख्रिस्ती झाले. घरात त्यांचे नाव निघत नसे. आजीला 'तुला भाऊ किती?' असे कोणी विचारले, तर ती 'एक' म्हणे. भाऊबीजेला धाकटे मामा येत, पाटावर बसत, आजी त्यांना ओवाळी. मग ते तबक तसेच हाती घेऊन ती अंगणात जाई आणि मावळतीकडच्या द्वितीयेच्या कोरीला ओवाळी. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे, असा आमच्याकडे रिवाज आहे. 'अग, तुझा भाऊ तर आत बसला आहे!' असे आम्ही मुले म्हणत असू. ती म्हणे, 'असू दे. तोही ओवाळून घेतो.' ह्या बोलण्याचा अर्थ आम्हांस फार उशिरा, ती गेल्यानंतर, आईकडून कळला. आजी ठराव मोडणारी बाई नव्हती. तिने भावाला पत्र लिहिले नाही, कधी भेट घेतली नाही. ठराव तिने आपल्या हातांनी पन्नास वर्षे पाळला, आणि दर वर्षी एका संध्याकाळी त्याच हातांनी तबक धरले.

आता कायदा झाला आहे. मुंबई सरकारने 1949 साली बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली तो रद्द ठरवला. आपला धर्म सांभाळण्याचा पंथाचा अधिकार मोठा, की त्या पंथातील माणसाचा जगण्याचा अधिकार मोठा, हा वाद अवघड आहे खरा. 1962 चा निर्णय पुन्हा तपासण्याचा प्रश्न 2023 साली पाच न्यायाधीशांनी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांचे सहकारी यांनी जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध 2013 साली मोहीम उघडली. याच जिल्ह्यातील मढीच्या यात्रेत भटक्या जमातींच्या पंचायती भरत व निवाडे देत, हे अनेकांस ठाऊक असेल. पुढे 2016 साली महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला; तो 3 जुलै 2017 पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ह्या कायद्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. कुंभारावर दडपण आणणाऱ्या पंचाला तो जरब बसवील. आणि दडपण गेले की पुष्कळ कुंभार आनंदाने खापर देतील.

पण जेथे पंच नाही, ठराव नाही, तेथे काय? आमच्या सुशिक्षित घरांत पंचायत बसत नाही. मुलीने जातीबाहेर लग्न केले, मुलाने कुळाचा आचार सोडला, भाऊ एखाद्या पंथात गेला अथवा एखाद्या पंथातून बाहेर पडला, की लग्नपत्रिकेतून त्याचे नाव गळते. फोटो भिंतीवरून उतरतो. 'त्यांच्याकडे आमचे जाणे-येणे नाही' हे वाक्य घरात रुळते, आणि मुले कारण न विचारता ते शिकतात. यावर फिर्याद होऊ शकत नाही, कारण कोणी कोणास काही केलेलेच नसते. फक्त बोलणे थांबलेले असते. मत पटले नाही तर तसे सांगावे, वाद करावा, रागवावे; कोणी कोणाचे मत पत्करावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण मत हे डोक्यातले असते, आणि आपण शिक्षा करतो ती पाटाला व पानाला.

अपमान सोसवेना म्हणून ज्ञानदेव एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या मुक्तेने बाहेर उभे राहून विनवण्या करीत ती उघडायला लावली, अशी कथा आहे. तेथे दार लावणारा तोच होता ज्याला जगाने दुखवले होते. बोलावणारी त्याची बहीण होती. आमच्या घरांत बहुधा दार लावणारे आपण असतो, आणि बाहेर उभे असते ते आपलेच माणूस. त्याने विनवणी करावी अशी वाट पाहत बसण्याचे काही कारण नाही. येत्या सणाला एक पत्र लिहावे, एक पान जास्त मांडावे, मुलांना त्याचे नाव सांगावे. ह्याला शुद्धिपत्र लागत नाही, आणि पैठणासही जावे लागत नाही.