धाकटं मंदिर, थोरलं धरण

आस्वानच्या एक दिवसाच्या सहलीचा क्रम ठरलेला असतो. होडीने जाऊन फिलेचं इसिस देवीचं मंदिर पाहायचं, मग नाईलवरचं उंच धरण, आणि वाटेत बहुधा ग्रॅनाइटच्या खाणीत अर्धवट कोरून सोडलेला प्रचंड स्तंभ. गाइडची मांडणीही ठरलेलीच: इकडे दोन हजार वर्षांपूर्वीची श्रद्धा, तिकडे विसाव्या शतकाचं यंत्रबळ. ऐकायला ही जोडी झकास वाटते, पण ती फसवी आहे. धरण पुरं झालं १९७० साली, आणि फिलेचं मंदिर आज जिथे उभं आहे तिथे ते लोकांसाठी खुलं झालं १९८० साली. वयाचा हिशेब मांडला तर मंदिरच धाकटं निघतं. उलट धरणापाशी सोव्हिएत-ईजिप्त मैत्रीचा जो मनोरा आहे, तो कमळाच्या आकाराचा. म्हणजे प्राचीनतेचा सोस धरणालाही आहेच.

इंग्रजांनी १९०२ साली बांधलेल्या पहिल्या धरणामुळेच फिले वर्षातले बरेच महिने पाण्यात जाऊ लागलं होतं. होडीतून खांबांमधून हिंडायची तेव्हा पाहुण्यांची हौस असे. वरच्या अंगाला नवं धरण झाल्यावर फिलेचं बेट दोन भिंतींच्या मध्ये सापडलं. मग युनेस्कोच्या मोहिमेत बेटाभोवती बांध घालून पाणी उपसलं गेलं, मंदिराचे हजारो दगड सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा रचले गेले, आणि त्याआधी सुरुंग लावून त्या बेटालाच जुन्या बेटाचा आकार दिला गेला. अबू सिंबेलची मंदिरं तर डोंगरातून कापून सुमारे ६५ मीटर वर नेली. त्यांच्यामागचा डोंगर आता आतून काँक्रीटचा घुमट आहे. यावर कुणी म्हणेल, दगड तेच, कोरीव काम तेच, मग जागा बदलली म्हणून काय बिघडलं? काहीच नाही. देव हलवून पुन्हा प्रतिष्ठापना करणं आपल्यालाही परकं नाही. मंदिर खोटं आहे असा माझा आक्षेपच नाही. बुडायचं काय आणि वाचवायचं काय, हे १९६०च्या दशकात माणसांनी ठरवलं. ‘प्राचीन विरुद्ध आधुनिक’ या मांडणीत नेमका तो निर्णय दिसेनासा होतो.

कारण नव्या धरणाच्याच पाण्याखाली नुबियन लोकांची गावं गेली. ईजिप्तमधले सुमारे पन्नास हजार आणि सुदानमधलेही जवळपास तितकेच लोक उठवले गेले. मुळशी, कोयना, उजनी पाहिलेल्या मराठीत त्यांच्यासाठी शब्द तयार आहे: धरणग्रस्त. धरण नकोच होतं का? तसं म्हणणं सोपं, पण प्रामाणिक नाही. १९८०च्या दशकात नाईलचं पाणी वर्षानुवर्षं घटलं तेव्हा या साठ्यानेच ईजिप्तला तारलं. पण गरज खरी होती म्हणून किंमत सांगायची नाही, असं होत नाही. फिलेत तर ती सांगणं अधिकच भाग आहे. चित्रलिपीतला ज्ञात असलेला अखेरचा लेख याच मंदिरात कोरला गेला, सन ३९४ मध्ये. आणि बाकी ईजिप्त ख्रिस्ती होत असताना इसिसची पूजा इथे टिकली ती मुख्यतः दक्षिणेकडून, म्हणजे नुबियातून, येणाऱ्या भक्तांमुळे. हल्ली सहलीला एखादं रंगीबेरंगी नुबियन गाव जोडतात, चहा आणि मेंदीसकट. तेवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते गाव आस्वानलगतचं असतं, बुडालेल्यांपैकी नव्हे. बुडालेल्या गावांतली माणसं कोम ओम्बोजवळ, आस्वानच्या उत्तरेला, नदीपासून आत वसवली गेली. गावांना त्यांनी जुनीच नावं ठेवली: बल्लाना, तोश्का, अबू सिंबेलसुद्धा. पर्यटकांच्या बोटी कोम ओम्बोला थांबतात. तिथे मगरीच्या तोंडाच्या देवाचं मंदिर पाहून होतं, आणि बोट पुढे निघते.