बोटीवर बाटली

लिहीन लिहीन म्हणत तीन विकांत गेले. एकदा रिलीज आडवं आलं, दोनदा आळस. आज पाऊस आहे, चहा झालाय, तेव्हा सांगूनच टाकतो.

तर झालं असं. आमचे बाबा एसटीतून रिटायर झाले. पेण डेपोत कंडक्टर होते. जन्मभर दुसऱ्यांना तिकिटं दिली, आता आपण त्यांना एखादं द्यावं म्हणून मी मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग केलं. मी, आई आणि बाबा. आईचा पहिला प्रश्न, "बोटीवर जेवायला देतात का?" म्हटलं देतात, कंटाळा येईपर्यंत देतात. जेवण तिकिटात होतं. दारूचे पैसे मात्र वेगळे.

इथे थोडं क्रूझचं अर्थकारण. (नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.) जहाजवाल्यांची कमाई नुसत्या तिकिटावर नसते. बार, कॅसिनो, दुकानं, किनाऱ्यावरच्या सहली यातूनही चांगला पैसा येतो. म्हणून प्रवाशाने स्वतःची बाटली आणणं त्यांना फारसं आवडत नाही. तरी अमेरिकेतल्या काही कंपन्या वाइनपुरती सवलत देतात. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलच्या जहाजांवर चढायच्या दिवशी प्रत्येक सज्ञान प्रवाशाला 750 मिलिलिटरची एक सीलबंद बाटली नेता येते. नॉर्वेजियनवाले बाटलीमागे 'कॉर्केज' घेतात. म्हणजे बाटली तुमची, तोंड तुमचं, पण बूच काढायचे पैसे त्यांचे! रम-व्हिस्की यांपैकी कोणीच आत येऊ देत नाही, त्यामुळे काही महाभाग माउथवॉशच्या बाटलीत भरून नेतात म्हणे.

हे सगळं रात्री जागून वाचलं आणि आपल्याकडेही असंच असणार असं गृहीत धरलं. एका सिस्टिमची कागदपत्रं वाचून दुसऱ्या सिस्टिमवर कोड चढवायचा! याच चुकीसाठी मी हपिसात ज्युनिअर पोरांना झापतो. आमच्या तिकिटामागच्या नियमांत बाहेरची दारू चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते शेवटपर्यंत वाचलंच नाही.

आता प्रश्न असा की चांगला पगार असताना दोन ग्लास वाइनसाठी हा उद्योग कशाला? पैसे वाचवायला नव्हे. बोटीवर रोख चालत नाही. सगळं खोलीच्या खात्यावर चढतं आणि शेवटी बिल हातात येतं, ओळीन् ओळ छापलेलं. आणि बाबांना कागद वाचायची सवय आहे. पस्तीस वर्षं रोज रात्री हिशेब जुळवलेला माणूस आहे तो. त्या बिलात त्यांना 'रेड वाइन, 2' दिसायला नको होतं, बस्स.

आमच्या घरी दारू हा शब्द निघत नाही. मोठे काका हातभट्टीने गेले. मी तेव्हा तिसरीत होतो. पुढे 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, तेव्हा टीव्हीवर बातमी लागली की बाबा उठून अंगणात जायचे. एकदाही काही बोलले नाहीत.

बाहेर काळ बदलला होता. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे, प्यायला परवाना लागतो, वाइनला 21 वर्षं आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. पण 2001 साली राज्य सरकारने वाइन उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं, आणि माझ्या पुण्याच्या मित्रमंडळींत नाशिकची वाइन म्हणजे जवळजवळ फळांचा रस. कासूत मात्र बाटली ती बाटली. त्यामुळे माझे दोन अवतार. पुण्यातला एक, आणि कासू स्टेशनावर उतरण्याआधी बडीशेप चघळणारा दुसरा.

असो. तर नाशिकची एक रेड, दोन टीशर्टांत गुंडाळून, सॅकच्या तळाशी. कासूहून गाडीने पनवेल, तिथून लोकलने मुंबई. बंदरावर सामान तपासायच्या यंत्रात माझी सॅक आत गेली आणि पट्टा थांबला. गणवेशातल्या पोराने अगदी अदबीने विचारलं, "सर, ही बाटली कोणाची?"

मागे आई. आईच्या मागे बाबा.

खोटं बोलायला दोन सेकंद होते. एक कारण तयारही झालं होतं, मित्राला गोव्यात द्यायचीये वगैरे. (गोव्यात वाइन न्यायची! काय पण डोकं.) तेवढ्यात बाबांकडे बघितलं गेलं आणि तोंडातून "माझी" असं निघून गेलं.

पोराने सांगितलं की आत नेता येणार नाही, इथे ठेवा, परत आल्यावर मिळेल. पावती फाडली. मी म्हटलं राहू द्या, नको मला. बाबांनी हात पुढे केला, पावती घेतली, नंबर वाचला, दोन घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि चालू लागले.

संध्याकाळी बोट सुटली. आई डेकवर खुर्चीत बसून गार वाऱ्यात झोपून गेली. अंधारात खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा फिरत होता. बाबा कठड्याला टेकून म्हणाले, "तुझे आजोबा धरमतरवरून बोटीनं मुंबईला जायचे. प्रत्येकाचं गाठोडं आपापलं. कोन उघडून बघत नव्हता."

मी गप्प.

"दादा पन लपवायचा. पेंढ्यात ठेवायचा बाटली. मला ठाऊक होतं, मी बोललो नाय. बोललो तेव्हा पोटात पानी झालेलं."

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. इतकी वर्षं मला वाटायचं बाबांना दारूचा राग आहे.

मग त्यांनी विचारलं, "किती पितोस?"

सांगितलं. विकांताला, मित्रांबरोबर. मग तेही पूर्ण खरं नव्हतं म्हणून उरलेलं सांगितलं. मागच्या वर्षी प्रोजेक्ट बंद पडलं, सहा महिने बेंचवर होतो, तेव्हा दोन महिने रोज घेत होतो. रूमवर.

"एकटा?"

"हो."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोन करायचा होतास." एवढंच. उपदेश नाही, शपथ नाही. मी दिव्याची फेरी मोजत उभा राहिलो. दुसरं काही सुचलं नाही.

बोटीवर मी काही घेतलं नाही. त्यात मोठेपणा नव्हता, इच्छाच झाली नाही. बिल आलं त्यात आईच्या दोन आइस्क्रीमची ओळ होती. बाबांनी तरी वाचलं.

मुंबईला उतरल्यावर मी सरळ टॅक्सीकडे निघालो. बाबा मागे थांबले. खिशातून पावती काढली.

"बाबा, राहू द्या ना ती."

"पावती हाय ना? मंग आपलं सामान सोडायचं कशाला?"

रोह्याच्या गाडीत ती बाटली त्यांच्या मांडीवर, आईच्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली. कासूला उतरताना त्यांनी अट सांगितली. उघडायची तर घरी उघडायची, त्यांच्यासमोर.

अजून उघडलेली नाही. मागच्या खेपेला आईने विचारलं, "ही खराब नाय ना होत?" म्हटलं आडवी ठेव, बूच ओलं राहायला हवं. तिने पोह्यांच्या पापडांच्या डब्याशेजारी आडवी ठेवली, आणि घरंगळू नये म्हणून बाजूला वरवंटा लावला.