वरातीतला बेंजो

गोदाकाठच्या सायखेड्यात काय किंवा निफाड तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, वरात निघाली की ताशा-ढोलाच्या वर गाण्याची चाल धरतो तो बेंजो. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि बटणांच्या ओळी. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. संगीताच्या चर्चेत या वाद्याला कुणी बसायला जागा देत नाही. हा अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

ते परकं आहे, असं म्हणतात. आहेच. जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारखी बटणं लावून ताइशोगोतो घडवलं. आपला बुलबुल तरंग आणि बेंजो त्याच्याच वंशातले. पण अमेरिकेतले जुने लोकगायक ज्या बँजोला आपला म्हणतात, तो तरी कुठला? पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून तो तिकडे रुजवला. पुढे तो आयर्लंडला पोचला, बार्नी मॅकेना यांनी चार तारांचा बँजो फिडलच्या एक सप्तक खाली लावला, आणि आज आयरिश मैफलीत तो घरचाच आहे. आपल्या भजनातली पेटी तरी कुठून आली?

यात कारागिरी कसली, हा आक्षेप जास्त वजनदार. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण सतारीचा पडदा वादक सरकवून घेऊ शकतो. बेंजोत सुराची जागा बनवणाराच ठरवून ठेवतो. ती केसभर चुकली तर वाजवणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. तार बटणाखालच्या पट्टीपासून फार उंच राहिली तर बोट थकतं, शिवाय दाबताना तार जादा ताणून सूर चढतो. फार खाली आली तर तार झणझणते. हे अंतर कानानेच जुळवावं लागतं.

गोंगाटाची तक्रार खरी आहे, पण कान फोडतो तो भोंगा. त्याचा आवाज कमी करता येतो. राहिला बेंजोऐवजी सुचवला जाणारा कीबोर्ड. तो स्वस्तात सगळे आवाज देतो हे खरं, पण त्याची कळ दाबून ठेवली की सूर आपला आपण टिकतो. बेंजोवर लांब सूर हवा तर नखी तारेवर भराभर फिरवत राहावी लागते, आणि वरातीतली माणसं नाचतात ती त्या थरथरीवर.