ठणका वेगळा, वाहणं वेगळं

नागपूरच्या मनीषनगरातल्या माझ्या दवाखान्यात कान दुखणारं मूल येतं, तेव्हा बहुतेक वेळा लसणाचं तेल घालून झालेलं असतं. आजी ते दबकत सांगते, डॉक्टर रागावतील म्हणून. मी रागावत नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग मोजले आहेत आणि त्यांत कर्णशूल म्हणजे ठणका वेगळा, कर्णस्राव म्हणजे कान वाहणं वेगळं धरलं आहे. घराघरांतल्या उपचारात हा भेद पुसला गेला, याची मला खरी काळजी वाटते.

ठणक्यावरच्या तेलाची परीक्षा झालेली आहे, तीही चांगल्या नियतकालिकांत छापून आलेली. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये 103 आणि 2003 मध्ये 171 मुलांवर लसूण आणि इतर वनस्पतींच्या तेलाचे थेंब तपासले. बधिर करणाऱ्या थेंबांच्या तोडीस तोड आराम या तेलाने पडला. पण 2003 च्या अभ्यासात संशोधकांनी प्रामाणिकपणे मांडलं की दुखणं कमी होण्यातला सुमारे 80 टक्के वाटा नुसता वेळ गेल्याचा होता, औषधाचा जेमतेम 7. शिवाय ज्यांच्या कानात काहीच घातलं नाही, असा गट त्यात नव्हताच. प्रतिजैविकांनीही फार मिरवू नये. मधल्या कानाच्या संसर्गात ती न देताही साधारण 60 टक्के मुलांचं दुखणं 24 तासांत थांबतं.

लसणात जंतू मारणारं द्रव्य आहे, हे खरं. ॲलिसिन 1944 मध्ये वेगळं काढलं गेलं. पण ते अख्ख्या पाकळीत तयार नसतं. पाकळी ठेचली की एका विकराच्या क्रियेने बनतं. आपण अख्ख्या पाकळ्या कढत तेलात लाल होईतो तळतो, तेव्हा तो विकरच निकामी होतो. उरतं ते कोमट तेल आणि त्याची ऊब. आणि कानाचा पडदा शाबूत असेल तर कोणताही थेंब पलीकडे, जिथे पू साचलाय तिथे, पोचत नाही. ठणक्याला मात्र ती ऊब बरी वाटते, हे मी नाकारणार नाही.

कान वाहत असेल तर मात्र सगळंच बदलतं. पडद्याला बहुधा छिद्र असतं आणि घातलेलं थेट आत जातं. नागपूरच्या दमट श्रावण-भादव्यात तेलकट, ओल्या कानात बुरशी हमखास धरते. सूक्ष्मदर्शकाखाली कानाच्या नळीत राखाडी थर दिसतो, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा, आणि त्यावर काळे बारीक ठिपके: ॲस्परजिलस नायजर. तो थर चिमट्याने अन् सक्शनने काढताना मूल कळवळतं. कानात घातलेला रुईच्या पानाचा रस तेलाहूनही वाईट. तिचा चीक कातडी भाजतो. वाहणारा कान कोरडा ठेवायचा, स्वच्छ कापडाची वात करून बाहेरचा पू टिपायचा, आत काही खुपसायचं नाही, आणि डॉक्टरकडे जायचं. महिनोन्‌महिने वाहणारा कान ऐकू येणं हिरावतो. कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, उलट्या किंवा सुस्ती दिसली तर त्याच रात्री डॉक्टरकडे.

पाणी-पू काही येत नसेल, फक्त ठणका असेल, तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि कानाच्या बाहेरून कोमट शेक, एवढ्याने रात्र निभते. शेक आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावा.

माझी मनापासून इच्छा आहे ती एका नीट चाचणीची. मिहानचं एम्स इथून जवळ आहे, सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. दोघांनी मिळून पडदा शाबूत असलेल्या मुलांचे तीन गट करावेत: एकाला लसणाचं तेल, दुसऱ्याला नुसतं कोमट तिळाचं, तिसऱ्याच्या कानात काहीच नाही, पॅरासिटामॉल मात्र तिघांनाही. लसणाचा वाटा किती अन् उबेचा किती, ते त्यातूनच मोजता येईल.