दिवससुद्धा मोजलेले

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गेल्या पन्नास वर्षांत जिथं बारापेक्षा जास्त दफनं झाली नाहीत, त्या दफनभूमीला कायद्यानं ‘पायोनियर’ म्हणतात. आमच्या गावाबाहेरच्या अशाच एका जागेच्या डागडुजीला यंदा मीही जात होते. जुना संगमरवर साखरेसारखा झडतो. म्हणून तारेचा ब्रश नाही, ब्लीच नाही. पाणी, मऊ ब्रश आणि सबुरी.

माझ्या वाट्याच्या दगडावर कोकरू होतं. एकोणिसाव्या शतकात इथं लहान मुलांच्या थडग्यांवर ते कोरत. शेवाळ निघालं तसं वय दिसू लागलं : १ वर्ष, ४ महिने, ११ दिवस. दिवससुद्धा मोजलेले.

आमच्या माणसांच्या अस्थी गोदावरीत गेल्या. मागे दगड नाही, त्याची खंतही कधी वाटली नव्हती. पण कोकराच्या झिजलेल्या कानांवरून बोट फिरवताना आत काहीतरी हललं. काय, ते अजून उमगलेलं नाही.

डागडुजी संपल्यावर, दफनभूमीच्या पुनःसमर्पणाच्या दिवशी, दगडांवरची सगळी नावं मोठ्यानं वाचली. गोऱ्यांच्या वसाहतीआधी इथं राहणाऱ्या मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांची नावं त्यांत नव्हती. तेही मनात राहिलं.

तुमच्या गावाजवळही अशी जागा गवतात बुडालेली असेल. जाऊन बघा. मात्र दगडाला हात लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारा.